सक्तीचा विमा तुमच्या गाडीसाठी नसतो

गाडी रस्त्यावर आणायची तर विमा हवा, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. नसला तर दंड होतो, हेही ठाऊक असतं. पण कायदा मागतो तो विमा नेमका कशाचा, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर येतं, ‘गाडीचा.’ घोळ इथेच सुरू होतो. कायद्याला तुमच्या गाडीचं काही पडलेलं नाही. ती ठोकली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तरी तो तुमचा खासगी प्रश्न. कायद्याला काळजी आहे ती तुमच्या गाडीखाली येऊ शकणाऱ्या माणसाची.

त्या माणसालाच विम्याच्या व्यवहारात थर्ड पार्टी म्हणतात. पॉलिसी हा दोघांमधला करार असतो. एक तुम्ही, दुसरी विमा कंपनी. ज्याची या करारावर सही नाही, ज्याने हप्त्यातला छदामही भरलेला नाही, ज्याला तुम्ही ओळखतही नाही, असा रस्त्यावरचा कुणीही म्हणजे तिसरा पक्ष. पायी चालणारा, सायकलवाला, समोरच्या गाडीतलं कुटुंब. सक्तीच्या विम्यात हप्ता तुम्ही भरता आणि पैसे मिळतात त्याला. तुमच्या पदरात पडतं ते इतकंच, की त्याची भरपाई तुम्हाला घर विकून द्यावी लागत नाही.

एवढं पक्कं धरलं की या कायद्यातल्या विचित्र वाटणाऱ्या बऱ्याच तरतुदींचा उलगडा होतो. जिथे होत नाही तिथे कायद्यातच काहीतरी राहून गेलेलं असतं. त्या जागाही पुढे येतील.

सक्ती आली कशी

मोटारी नव्या होत्या तेव्हाही जखमी माणसाला कोर्टात जाता येत होतं आणि त्याच्या बाजूने निकालही लागत होता. अडचण निकालानंतरची होती. धडक देणाऱ्याकडे पैसेच नसतील तर तो निकाल घेऊन करायचं काय? नुकसानभरपाईचा हक्क कागदावर, आणि दवाखान्याचं बिल हातात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२५ मध्ये यावर कायदा केला आणि १९२७ पासून विमा सक्तीचा केला. ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यात हीच सक्ती आणली. गंमत अशी, की त्याच कायद्याने मोटारींवरची ताशी २० मैलांची वेगमर्यादाही काढून टाकली होती. वेग मोकळा सोडायचा आणि धडकेची किंमत मात्र आधीच वसूल करून ठेवायची, असा तो सौदा होता. चारच वर्षांनी, १९३४ मध्ये, वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणावी लागली.

१९३४ च्या त्या कायद्यात आणखी एक दुरुस्ती होती. विम्याच्या दृष्टीने मला ती मूळ सक्तीइतकीच महत्त्वाची वाटते. आधीच्या कायद्यात विमा कंपनीला निसटायला वाटा बऱ्याच होत्या. मालकाने पॉलिसीतली अमुक अट मोडली, तमुक माहिती लपवली, म्हणून आम्ही काही देणं लागत नाही, असं ती म्हणू शकत होती. आता विचार करा, अट मोडली मालकाने आणि पाय मोडला पादचाऱ्याचा. त्याने कसली शिक्षा भोगायची? तेव्हा कायद्याने कंपनीला सांगितलं, जखमी माणसाला कोर्टाने ठरवलेले पैसे आधी द्या. मालकाशी जो हिशेब करायचा तो नंतर करा.

हेच तत्त्व पुढे अनेक देशांनी घेतलं. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याचं प्रकरण होतं, पण ते लागू झालं १ जुलै १९४६ पासून. आजचा कायदा १९८८ चा, आणि विम्याची सक्ती त्याच्या कलम १४६ मध्ये आहे. चालकाचं लायसन्स बनावट निघालं तर कंपनी हात झटकू शकते का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात दिलेला निकाल आजही पायाभूत मानला जातो. लायसन्स खोटं निघालं एवढ्यावर कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली, हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि ते सिद्ध झालं तरी अपघातांचे दावे चालवणारं न्यायाधिकरण सांगू शकतं, की आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा. वकिलांच्या भाषेत याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात.

म्हणजे दारू पिऊन गाडी चालवली आणि कुणाला उडवलं, तर ‘विमा आहे ना’ हे उत्तर अर्धंच खरं. जखमी माणसासाठी विमा असतो. चालवणाऱ्याच्या मागे मात्र कंपनी वसुलीसाठी लागू शकते. जर्मनीने या वसुलीलाही वेसण घातली आहे. दारू पिऊन चालवण्यासारख्या कारणासाठी कंपनी स्वतःच्या ग्राहकाकडून जास्तीत जास्त ५,००० युरो मागू शकते. इतरत्र अशी दया असेलच असं नाही.

किती रकमेचा?

प्रश्न साधा वाटतो, पण देशोदेशीची उत्तरं इतकी वेगळी आहेत की ‘माझ्याकडे कायदेशीर विमा आहे’ या वाक्याला एकच असा अर्थ उरत नाही.

ब्रिटनमध्ये मृत्यू आणि दुखापतीसाठी मर्यादाच नाही. भरपाई कितीही होवो, ती विम्यातून मिळाली पाहिजे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर कायदा १२ लाख पौंडांपर्यंतचं संरक्षण सक्तीचं करतो. जर्मनीत दुखापतीसाठी किमान ७५ लाख युरोंचं संरक्षण लागतं. भारतात मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला पॉलिसीत वरची रेघ नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचं वय, उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून आकडा काढतं आणि तो कंपनीला द्यावा लागतो. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी मोटारीसाठी साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. रस्त्यावर आज कोणत्या किमतीच्या गाड्या धावतात ते पाहिलं तर हा आकडा फार मोठा नाही.

जपानची तऱ्हा निराळी. तिथला १९५५ च्या कायद्याने आलेला सक्तीचा विमा फक्त माणसांच्या इजेचा आहे. मृत्यूला ३ कोटी येन, साध्या दुखापतीला १२ लाख येन, आणि समोरच्या गाडीच्या नुकसानीला शून्य. ऑस्ट्रेलियातही गाडीच्या नोंदणीबरोबर येणारा सक्तीचा विमा केवळ इजेपुरता असतो. नोंदणी झाली म्हणजे सगळा विमा झाला असं समजून कुणी महागडी गाडी ठोकली, तर तिच्या दुरुस्तीचं बिल थेट त्याच्याच नावावर येतं.

सगळ्यात नीट समजून घ्यावी लागते ती अमेरिकी पद्धत. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि किमान विमा बहुधा तीन आकड्यांत लिहिलेला असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हे आकडे ३०, ६० आणि १५ असे आहेत, सगळे हजार डॉलरांमध्ये. पहिला आकडा एका जखमीला मिळू शकणारी कमाल रक्कम. दुसरा आकडा एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून. तिसरा मालमत्तेच्या नुकसानीसाठी.

समजा, तुम्ही सिग्नल तोडलात आणि एका गाडीवर आदळलात. तिच्यात तिघे होते. एकाचं नुकसान ८० हजारांचं, दुसऱ्याचं २० हजारांचं, तिसऱ्याचं १५ हजारांचं, आणि गाडी २५ हजारांची, ती भंगारात गेली. एकूण देणं १ लाख ४० हजार डॉलर. विम्यातून पहिल्याला ३० हजारांहून जास्त मिळणार नाहीत. तिघांचे मिळून ६० हजारांच्या पुढे जाणार नाहीत. गाडीचे १५ हजार. बेरीज ७५ हजार. उरलेले ६५ हजार डॉलर तुमच्या डोक्यावर, आणि तुम्ही कायदा तर तंतोतंत पाळलेला. २०२४ अखेरपर्यंतचे कॅलिफोर्नियाचे आकडे होते १५, ३० आणि ५. त्या हिशेबाने विम्यातून निघाले असते फक्त ३५ हजार. दवाखान्यांचे दर कुठच्या कुठे गेले तरी हे आकडे कित्येक दशकं तिथेच होते. किमान विमा म्हणजे पुरेसा विमा, हे समीकरण कायदा कधीच मांडत नाही. ते आपण मनाशी मांडतो.

जिथे सक्तीच नाही

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये बहुतेक चालकांना विमा सक्तीचा नाही. याचा अर्थ जबाबदारी नाही असा मात्र नव्हे. अपघात तुमच्या चुकीने झाला तर नुकसान भरून देण्याची ऐपत दाखवावी लागते. नाही दाखवली तर लायसन्स आणि नोंदणी जाऊ शकते. शेजारच्या राज्यांना ही सवलत भोळसट वाटत असेल, मलाही वाटते.

न्यूझीलंडचं उदाहरण याहून विचार करायला लावणारं आहे. तिथे १९२८ मध्येच कायद्याने सक्ती आली होती. मग १९७४ मध्ये त्यांनी सगळी व्यवस्थाच बदलली. अपघातात जखमी झालेल्या कुणालाही, चूक कोणाची हे न विचारता, सरकारी महामंडळाकडून उपचार आणि भरपाई मिळते. त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी समोरच्यावर दावा ठोकायचा रस्ता जवळपास बंद. वाहनांच्या वाट्याचे पैसे येतात पेट्रोलवरच्या आणि गाडीच्या परवाना शुल्कातल्या आकारणीतून. दक्षिण आफ्रिकेतही रस्ते अपघात निधी इंधनावरच्या आकारणीवर चालतो. पंपावर गाडी उभी केली की हप्ता भरला गेला. मग विमा नसलेला चालक ही भानगडच राहत नाही, कारण इंधनाशिवाय गाडी चालत नाही. विजेवरच्या गाड्या वाढल्या की या युक्तीचं काय होईल, हा प्रश्न वेगळा.

जिथे खासगी विम्याची सक्ती आहे तिथे विमा न काढणारे असतातच, आणि धडक देऊन पळून जाणारेही असतात. त्यांच्या हातून जखमी झालेल्यांसाठी ब्रिटनमध्ये १९४६ पासून मोटार विमा कंपन्यांचं एक मंडळ आहे. त्याला पैसा पुरवतात कंपन्या, म्हणजे पर्यायाने हप्ता भरणारे लोक. भारतात वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते.

गाडीचा की चालकाचा?

मित्राला गाडी दिली, त्याने अपघात केला. विमा लागू होतो का?

भारतात साधारणपणे होतो, कारण इथे पॉलिसी गाडीबरोबर जाते. मालकाच्या संमतीने चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचं वैध लायसन्स असलं म्हणजे झालं. ब्रिटनमध्ये उलट. तिथे पॉलिसीत कोणकोण चालवणार हे लिहिलेलं असतं, आणि ज्याचं नाव नाही त्याने त्या गाडीला हात लावायचा नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्या भावाचाही यात अपवाद नाही. इथे एक तरतूद अनेकांच्या लक्षात येत नाही. गुन्हा फक्त चालवणाऱ्याचा नसतो. विमा नसताना गाडी चालवू देणाऱ्याचाही असतो. भारतातलं कलम १४६ हेही तेच सांगतं: स्वतः वापरू नये आणि दुसऱ्याला वापरू देऊ नये.

आणि ‘वापर’ म्हणजे तरी काय? ब्रिटनमधल्या साठ वर्षांहून जुन्या एका खटल्यात गाडी घरासमोर रस्त्यावर उभी होती. बॅटरी काढलेली, टाकीत पेट्रोल नाही, इंजिन बंद पडलेलं. मालकाचं म्हणणं, ही चालतच नाही तर वापर कसला? न्यायालय म्हणालं, हवी तेव्हा हलवण्याची सोय तुमच्या हातात आहे आणि ती रस्त्यावर आहे. म्हणजे वापर झाला. २०११ पासून तर तिथे नियम असा, की गाडी एक तर विमा उतरवलेली हवी किंवा रस्त्यावर आणत नसल्याचं सरकारला रीतसर कळवलेलं हवं. अंगणात ताडपत्री टाकून ठेवलेल्या गाडीलाही हे लागू आहे.

वापराचा हेतूही पॉलिसीत ठरलेला असतो. घरच्या वापरासाठी विमा काढलेली मोटार भाड्याने प्रवासी न्यायला किंवा पार्सलं पोचवायला लावली, तर कंपनीच्या हातात आक्षेपाचं आयतं कारण मिळतं. हल्ली जोडधंदा म्हणून असं करणारे खूप आहेत, आणि त्यातल्या कितींनी पॉलिसी बदलून घेतली असेल याबद्दल मला शंका आहे.

जुनी गाडी विकताना भारतातला कायदा तिसऱ्या माणसाची पाठराखण पुन्हा करतो. गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असं धरलं जातं, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. पॉलिसीतला स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, भाग मात्र असा आपोआप जात नाही.

आतली माणसं

तिसरा पक्ष म्हणजे बाहेरचा माणूस, हे ठीक. पण तुमच्याच गाडीत मागे बसलेला मित्र कोण? ब्रिटनमध्ये हा प्रश्न १९७२ पर्यंत लोंबकळत होता. तोवर प्रवाशांचं संरक्षण सक्तीचं नव्हतं. आता आहे.

भारतात ही फट अजून आहे, आणि दुचाकीवाल्यांना ती सगळ्यात जास्त बाधते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी, जिला कायद्यापुरती पॉलिसी म्हणतात, ती असेल तर स्कूटरवर मागे बसलेला किंवा मोटारीत फुकट बसलेला माणूस तिच्या संरक्षणात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलं. त्यासाठी जास्तीचा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, किंवा पॅकेज पॉलिसी, जिला बोलीभाषेत फुल इन्शुरन्स म्हणतात, ती लागते. म्हणजे स्कूटरने ज्या अनोळखी माणसाला धडक दिली त्याला भरपाई मिळेल, आणि मागे बसलेली स्वतःची बायको जखमी झाली तर कंपनी नाही म्हणू शकते. दोघांत ज्याच्याविषयी मालकाला जास्त वाटतं तोच बाहेर. दरवर्षी स्वस्तातली स्वस्त पॉलिसी शोधताना हे कुणी सांगत नाही.

दंड लहान, धोका मोठा

भारतात विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. ब्रिटनमध्ये जागेवरचा दंड ३०० पौंड आणि लायसन्सवर सहा दंडगुण. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर सहा गुणांतच ते रद्द होतं. शिवाय पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. विम्याची नोंद आता संगणकावर असते आणि कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, त्यामुळे अडवण्यासाठी चौकात पोलीस उभा असायलाच हवा असं नाही.

पण खरी जोखीम दंडाची नाहीच. विमा नसताना अपघात झाला, की न्यायाधिकरण ठरवील ती पूर्ण रक्कम मालकाला स्वतः द्यावी लागते. ती लाखांत असते, मृत माणूस तरुण आणि कमावता असेल तर बऱ्याच लाखांत.

बऱ्याचदा विमा मुद्दाम टाळलेला नसतो, मुदत संपलेली लक्षात आलेली नसते. भारतात १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, तो याच कारणाने. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र त्यात बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकल्यावर ‘तीन वर्षांचा विमा घेतलाय की’ म्हणत गॅरेजमध्ये जाणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाचाव्यात.

मग चालवणाऱ्याचं काय?

तुमच्या चुकीने अपघात झाला आणि तुम्हीच जखमी झालात. थर्ड पार्टी विम्यात तुम्हाला काहीच नाही, कारण तिसरा पक्ष तुम्ही नाही. देशोदेशी यावर वेगवेगळे तोडगे आहेत. न्यूझीलंडमध्ये चूक कोणाची हा प्रश्नच नसल्याने चालकही सामावला जातो. अमेरिकेत सुमारे डझनभर राज्यांत चालकाचे स्वतःचे उपचार काही मर्यादेपर्यंत त्याच्याच विम्यातून होतात. फ्लोरिडात ही मर्यादा १०,००० डॉलर आहे, आणि दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा मात्र तिथे बहुतेक चालकांनी आधीच काढून ठेवणं सक्तीचं नाही. या लेखात सांगितलेल्या तत्त्वाच्या नेमका उलटा असा हा कायदा आहे.

भारतात मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं. मोडलेल्या हाताचं बिल त्यातून मिळत नाही. मालकाकडे वैध लायसन्स असणं ही त्याची अट. एका मालकाला असं एकच संरक्षण पुरतं. त्यामुळे घरात दोन गाड्या एकाच्याच नावावर असतील, तर दुसऱ्या पॉलिसीत या कलमाचा हप्ता पुन्हा लावला आहे का, ते पाहून घ्यावं. लावला असेल तर काढून टाका म्हणून सांगता येतं.